आमच्याकडे गॅस येतो

माणसाची परीक्षा त्याच्या मित्रांवरून करावी, असं शहाणे लोक सांगतात. आमच्या मुलुंडला १९७० च्या सुमारास ती त्याच्या घरी चहा कशावर होतो, यावरून करत. ज्यांच्याकडे चूल ते नुकतेच गावाहून आलेले, किंवा लवकरच गावाला परत जाणारे. शेगडीवाले म्हणजे पोटापुरतं मिळवणारे. स्टोव्हवाले पगारदार. वातीचा आणि पंपाचा असे दोन्ही स्टोव्ह बाळगणारे म्हणजे ज्यांना दिवाळीला बोनस मिळतो असे. आणि गॅसवाले? गॅसवाले चाळीत राहतच नसत. ते पश्चिमेला ब्लॉकमध्ये राहत आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर येत नाही म्हणून आमची आजी त्यांच्याकडे संशयाने बघे. "जेवतात तरी की नाही, कोण जाणे!" असं तिचं एकूण मत होतं.

आम्ही पूर्वेला, नवघर रस्त्याच्या अलीकडे, एका दुमजली चाळीत दीड खोलीत राहत होतो. दीड हा आकडा मालकाचा. त्यातली अर्धी खोली शोधायला नवीन पाहुण्याला वेळ लागे. तेच स्वयंपाकघर. त्याच्या कोपऱ्यात मालकाने बांधून दिलेला वीतभर उंचीचा ओटा, ओट्यात शेगडीसाठी खड्डा आणि वर धुरांडं. धूर बाहेर जावा, अशी धुरांड्याची मूळ योजना असावी. प्रत्यक्षात त्यातून पावसाळ्यात पाणी आत येई आणि उन्हाळ्यात कबुतर. धूर मात्र घरच्या माणसांना सोडून जायला तयार नसे.

या दीड खोलीत विस्तवाचे चार प्रकार नांदत. पहिला मोरीतला तांब्याचा बंब. त्याला बंबफोड लागे, आणि रविवारी चिंच लावून घासणं लागे. घासल्यावर तो असा झळके की त्यात नानांना दाढी करता आली असती. दुसरी लोखंडी शेगडी. तिच्यात लोणारी कोळसा. तिसरी भुशाची शेगडी. हिच्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण आजच्या पिढीला ती सांगूनही खरी वाटत नाही.

पत्र्याच्या डब्याला तळाशी एक भोक पाडायचं. डब्यात मधोमध सोड्याची बाटली उभी करायची. भोकातून एक दांडकं बाटलीला टेकेपर्यंत सरकवायचं आणि भोवताली वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग श्वास रोखून बाटली वर आणि दांडकं बाजूला काढून घ्यायचं. आत बोगदा तयार. खालून पेटता कागद सरकवला की भुसा आतल्या आत धुमसे आणि दोन-अडीच तास एकसारखी आच मिळे. तूरडाळ शिजायला याच्यासारखी आच नाही. अडचण एकच, ती मध्येच विझवता येत नसे. डाळ झाली, भात झाला, आता काय? मग आई तिच्यावर दूध तापवी, मग आजीचं काढ्याचं पाणी, मग आणखी काहीतरी. नाना शेवटी म्हणत, "अगं, ही शेगडी आपल्यासाठी आहे, की आपण शेगडीसाठी?"

चौथा प्रायमस. पितळी टाकी, तीन पाय आणि एस.टी.च्या ड्रायव्हरसारखा स्वभाव. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने १८९२ साली हा स्टोव्ह काढला. आमुंडसेनबरोबर तो १९११ साली दक्षिण ध्रुवावर गेला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बर्फाचं पाणी आणि पाण्याचा चहा करायला तोच होता. हे सगळं खरं आहे. पण एव्हरेस्टवर पेटणारा हा प्राणी मुलुंडला जुलै महिन्यात पेटत नसे. आधी काकडा पेटवा, मग पंप मारा, मग पिन मारा, मग वायसर वाळलाय म्हणून त्याला तेल द्या, मग पुन्हा काकडा. शेवटी तो पेटला की त्याचा आवाज असा, की आईने आतून विचारलेलं बाहेर नानांना ऐकू जात नसे. माझा अंदाज आहे की नानांना हा स्टोव्ह त्याच कारणासाठी आवडत असे.

आणि या स्टोव्हला लागे रॉकेल. रॉकेलची रांग हे आमच्या लहानपणचं बालोद्यान. रिकामे डबे रांगेत ठेवून आम्ही लगोऱ्या खेळत असू आणि डबे आमच्या वतीने पुढे सरकत. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांचा लाटणं मोर्चा काढला, तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायका गेल्या. आमची आईही गेली. त्या दिवशी घरातलं एकुलतं एक लाटणं मोर्चाला गेल्यामुळे आम्ही भात खाल्ला. आजी म्हणाली, "लाटणं दाखवून काय होणार? रॉकेल दाखवा म्हणावं." पण आई परत आली ती आवाज बसलेला आणि चेहरा खुललेला अशी. त्या रात्री तिने नानांना पहिल्यांदा सांगितलं, "अहो, आपण गॅससाठी नाव घालू या."

गॅस आम्हाला अगदीच अपरिचित नव्हता. गिरगावातल्या मावशीकडे नळाचा गॅस होता. मुंबईत १८६५ सालीच रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. तो गॅस दगडी कोळशापासून काढत, आणि पुढे तो शहरातल्या काही नशीबवान स्वयंपाकघरांतही शिरला. उपनगरात मात्र त्याचे नळ आलेच नाहीत. आमच्याकडे येईल तर सिलिंडरचाच येणार, आणि त्याला चाळीतली जाणती माणसं 'बर्शेन' म्हणत. पन्नाशीच्या दशकात बर्मा शेल कंपनीने तो मुंबईत आणला तेव्हाचं हे नाव. १९७६ मध्ये सरकारने ती कंपनी घेतली, पुढच्या वर्षी तिचं भारत पेट्रोलियम झालं, पण शेजारच्या काकूंना ते मान्य नव्हतं. सरकार बदललं म्हणून काय बर्शेनचं नाव बदलायचं?

नाना सरकारी कचेरीत होते. त्यामुळे अर्ज म्हणजे काय, तो कुठून आत जातो आणि कुठे झोपतो, याचं त्यांना आतून ज्ञान होतं. त्यांनी दोन वर्षं विचार केला आणि १९७४ साली नाव नोंदवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सागरसम्राट'ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढलं होतं. नानांनी ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. १९७६ ला तेल प्रत्यक्ष निघू लागलं, तेव्हा त्यांचा उत्साह गगनात मावेना. "समुद्रातून ट्रॉम्बेला येणार. ट्रॉम्बे ते मुलुंड किती लांब? सायकलनेसुद्धा तास-दीड तास!" नाना दर सहा महिन्यांनी एजन्सीत जाऊन नंबर विचारत. नंबर चार आकडी होता आणि तो चार आकडीच राहिला. सायकलने निघालेल्या त्या गॅसचं टायर वाटेत पंक्चर झालं असावं.

त्या काळी खासदारांकडे गॅसची कुपनं असत. ती मिळाली की रांगेत थांबावं लागत नसे. खालच्या मजल्यावरच्या आप्पांनी तशी सोय करून देतो म्हटलं. नाना म्हणाले, "ज्याला मी मत दिलं नाही त्याच्याकडे मी कुपन मागू?" आई म्हणाली, "मग पुढच्या वेळी द्या." हा संवाद निवडणुकीच्या प्रत्येक वर्षी होत असे, आणि नाना प्रत्येक वेळी पडणाऱ्या उमेदवारालाच मत देत.

गॅसची खरी निकड मात्र पुढे लागली, आणि ती धुरामुळे नाही, डोळ्यांमुळेही नाही.

१९७९ च्या मे महिन्यात मागल्या चाळीतली एक नवी सून भाजून गेली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळ्यांनी सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि वर्तमानपत्रात चार ओळीत तेच आलं. त्या दिवसांत अशा चार ओळी वर्तमानपत्रात जवळपास रोज असत. स्टोव्ह बिचारे सासूबाईंना कधी भाजत नसत, नणंदांना भाजत नसत, सुनांना मात्र नेमकं ओळखत. आमची आजी सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "स्टोव्हला बोलता येत नाही, म्हणून बरं." मग तिने आमच्या प्रायमसमधलं रॉकेल काढून टाकलं आणि तो माळ्यावर ठेवायला लावला. माझी ताई तेव्हा अठरा वर्षांची होती. कायद्यात ४९८ अ हे कलम यायला १९८३ साल उजाडावं लागलं. आजीचा कायदा त्याच दिवशी लागू झाला.

त्यामुळे १९८१ च्या जानेवारीत एजन्सीचं कार्ड आलं तेव्हा घरात जो आनंद झाला, तो नुसत्या चहाचा नव्हता. नानांनी कार्ड तीनदा वाचलं, कपाटाच्या दाराआडच्या सागरसम्राटाला दाखवलं आणि एक वही आणली. वहीवर लिहिलं, 'गॅस'. त्याखाली रेघ मारली. नानांच्या आयुष्यातली सगळी मोठी कामं रेघेपासून सुरू होत.

आता शेगडी निवडायची. एजन्सीवाल्याने शेगडी आपल्याकडूनच घ्यावी लागते, असं सुचवून पाहिलं. नानांनी त्याला तो नियम लेखी मागितला. सरकारी माणसाने लेखी मागितलं की समोरच्याची स्मरणशक्ती जाते. त्यानंतर आम्ही महिनाभर शेगड्या बघत होतो. पाच रस्त्यावरची दुकानं झाली, ठाणं झालं, दादर झालं. मुलगी बघायलाही लोक इतके हिंडत नाहीत. मुलाम्याची स्वस्त, पण टवका उडाला की गंजते. स्टीलची टिकाऊ, पण महाग, आणि काकूंच्या मते तिच्यात तोंड दिसतं म्हणून सुना कामं सोडून बघत बसतात. पितळी बर्नर की बिडाचा, आयएसआयचा शिक्का खरा की नुसता उठवलेला, नॉब दाबून फिरतो की नुसता फिरतो, हे सगळं वहीत आलं. एका दुकानदाराने तीन बर्नरची शेगडी पुढे केली. "तिसऱ्यावर दूध राहील, साहेब." आजी बरोबर होती. ती म्हणाली, "आमच्या चुलीला एकच तोंड होतं आणि एक वैल. त्यावर सोळा माणसं जेवली. तुमच्या या तिसऱ्यावर कोण जेवणार आहे?" दोन बर्नरची स्टीलची शेगडी ठरली. नानांनी ती दुकानात उलटी करून खालून पाहिली. खाली काय पाहायचं असतं, ते त्यांना आणि दुकानदाराला दोघांनाही माहीत नव्हतं. पण त्यामुळे दोन रुपये कमी झाले.

शेगडी घरी येऊन खाटेखाली बसली. मग एजन्सीचा माणूस जागा बघायला आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, सातारकडचा, खिशात पाना. त्याने आमचा वीतभर ओटा पाहिला आणि मान हलवली.

"हे नाही चालायचं. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच पाहिजे. उभा ओटा करून घ्या."

"उभा म्हणजे?" आजीने विचारलं.

"उभं राहून स्वयंपाक करायचा, आजी."

"उभ्याने? अरे, स्वयंपाक करायचा की गाडी पकडायची?"

पण खरी आफत पुढेच होती. त्या मुलाने समजावून सांगितलं की सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि कोपऱ्यात साचून राहतो. त्याला स्वतःचा वास नसतो. कळावं म्हणून मुद्दाम घाण वास घालतात. तेव्हा या खोलीत जमिनीवर विस्तव नको. कोळशाची शेगडी नको, समई नको, निरांजन नको.

"निरांजन नको?"

आमचं देवघर स्वयंपाकघरात, जमिनीवर, पूर्वेच्या भिंतीला होतं. त्यात आजीच्या लग्नात माहेरहून आलेला रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि नानांच्या नोकरीसाठी बोललेला एक मारुती. सकाळ-संध्याकाळ तिथे निरांजन लागे. आजी उठली. "गॅससाठी देव हलवायचे असतील तर मला आधी हलवा," असं म्हणून ती बाहेर गॅलरीत जाऊन बसली. तो मुलगा गांगरला. त्याच्या छापील फॉर्मवर 'वायुवीजन', 'ओटा', 'विजेचे बटण' असे रकाने होते. देवांसाठी नव्हता.

पुढचे चार दिवस आजी कोणाशी बोलली नाही. म्हणजे भांड्यांशी बोलली. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, पण भांडण देवांचं एकट्याचं नव्हतं. आजीचे गुडघे गेले होते. ती खाली मांडी घालून चार तास रांधू शके, पण उभी दहा मिनिटं राहू शकत नसे. विस्तवासमोर जो बसतो, घर त्याचं. लग्न होऊन आलेल्या आईने वीस वर्षं चिरलं, वाटलं, निवडलं, पीठ मळलं. पण फोडणी आजीची आणि मीठ आजीचं. विस्तव जमिनीवरून तीस इंच वर गेला की फोडणीही वर जाणार होती. हे घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आई तर अशी वागत होती की जणू गॅस शेजारच्यांकडे येणार आहे. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दाराशी आल्यावर तिने पुन्हा भुशाची शेगडी भरायला घेतली होती.

पाचव्या दिवशी ताईसाठी एक स्थळ सांगून आलं. मुलगा बँकेत, डोंबिवलीला घर, माणसं बरी. मध्यस्थाने पत्रिका, पगार, उंची सगळं सांगितलं. आजी खांबाला टेकून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"त्यांच्याकडे स्वयंपाक कशावर करतात?"

"स्टोव्हवर. गॅसला नंबर लावलाय म्हणे."

"नंबर लागू दे. मग बोलू."

मध्यस्थ हसला. आजी हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उठायच्या आत तिने आंघोळ करून बाळकृष्ण पदरात घेतला आणि बाहेरच्या खोलीत नानांच्या वह्यांच्या मांडणीवर आणून ठेवला. पाठोपाठ अन्नपूर्णा, शाळिग्राम, मारुती. वह्या जमिनीवर आल्या. नाना उठून बघतात तो त्यांच्या गॅसच्या वहीवर समई. ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होत. ठरवल्याचं कोणी कोणाला सांगत नसे.

मग ओटा. मालकाने परवानगी दिली, ती या अटीवर की ओटा आम्ही बांधायचा आणि मालकी त्याची. गवंडी आला. उंची किती? नानांनी स्वतः भिंतीला टेकून उभं राहून, कोपर दुमडून छत्तीस इंचांची खूण केली. आई म्हणाली, "स्वयंपाक तुम्ही करणार आहात का?" आईची उंची चार फूट अकरा इंच. छत्तीस इंचांच्या ओट्यावर शेगडी आणि शेगडीवर पातेलं ठेवलं असतं तर आमटीत काय आहे ते पाहायला तिला पाट घ्यावा लागला असता. ताईचं माप घ्यावं का, असाही एक प्रश्न निघाला. काकू म्हणाल्या, "तिचं माप तिच्या सासरी घेतील." शेवटी तीस इंच. वर काळा कडप्पा. जुना ओटा फोडताना आतून काजळीने काळ्या झालेल्या विटा निघाल्या, त्या आजीने फेकू दिल्या नाहीत. गॅलरीतल्या तुळशीच्या डब्याखाली मांडल्या. धुरांडं गवंड्याने बुजवलं. दोन दिवस एक कबुतर येऊन त्या भिंतीसमोर बसत होतं.

सिलिंडर आला तो दिवस शनिवार होता. चाळीत बातमी आधीच गेली होती. दारात, जिन्यात, खिडकीच्या गजांना धरून माणसं उभी. आजीने सिलिंडरला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि नारळ उचलला. तो सातारकडचा मुलगा मोठ्याने ओरडला, "आजी, सिलिंडरवर नको!" नारळ उंबऱ्यावर फुटला. मग त्याने रेग्युलेटर बसवला, नळी जोडली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं, आणि सगळ्या चाळीला शिकवण दिली : आधी काडी ओढायची, मग नॉब फिरवायचा, उलटं नाही. झोपताना रेग्युलेटर बंद. वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या.

आईने काडी ओढली. हात थरथरत होता. भप्प असा अगदी बारीक आवाज झाला आणि निळ्या कळ्यांची एक गोल माळ उमटली. धूर नाही, ठिणगी नाही, आवाज नाही. दारातली माणसं गप्प झाली. आजी जवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली,

"हा विस्तव, की विस्तवाचं चित्र?"

नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालायचं असतं. ते घातलं. दूध बर्नरवर गेलं, ज्योत विझली, गॅस चालूच. त्या मुलाने झडप घालून नॉब बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसला. एका तासात या घरात त्याला जेवढं काम पडलं तेवढं आठवड्यात पडत नसावं. मग चहा झाला. पहिला, दुसरा, मग चाळीसाठी, मग दुसऱ्या मजल्यासाठी. नाना कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. सिलिंडरमध्ये चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस. पंचेचाळीस दिवस पुरवायचा तर रोज तीनशे पंधरा ग्रॅम. त्या एका दुपारी किती उडाला याचा ते हिशेब मांडत होते आणि चाळ त्यांचं अभिनंदन करत होती.

गॅस आल्यावर आमच्याकडे पाहुणे वाढले, हे सांगायला नको. पूर्वी आलेला माणूस "चहा नको" म्हणाला की आई "बरं" म्हणे, कारण स्टोव्ह पेटवायचा म्हणजे अर्धा तास. आता तीच "दोन मिनिटांत होतो" म्हणू लागली आणि चहा नको म्हणण्याची मुलुंडमधली एक जुनी, चांगली रीत आमच्या घरापुरती तरी बंद पडली. पातेल्यांची बुडं पांढरी झाली. आईचं खोकणं थांबलं, आणि ते थांबल्यावर ती आधी किती खोकत होती ते आम्हाला कळलं. दर नव्या सिलिंडरला ती 'कालनिर्णय'वर त्या तारखेभोवती गोल काढून 'सि.' लिहायची. चतुर्थी, एकादशी, सि. सिलिंडर नेमका पाहुणे जेवायला असताना संपे. त्याची तिथी पंचांगात देता येत नाही, हे कालनिर्णयचं एकमेव न्यून.

आणि आजी? कोळशाची शेगडी गॅलरीत गेली. तिच्यावर ती वांगी भाजे आणि भाकरी टाके. गॅसवरची भाकरी फुगते पण तिला भाकरीचा वास येत नाही, असं तिचं शेवटपर्यंत मत होतं. मलाही ते पटतं. पण फोडणी? आईने पहिले पंधरा दिवस सगळं स्वतः केलं. फोडणी छान होत होती. कोणी काही म्हटलं नाही. मग एके दिवशी आईच सुताराकडे गेली आणि चांगलं अडीच फुटी, पाठ असलेलं उंच स्टूल करून घेऊन आली. ओट्यासमोर मांडलं. "तुम्ही जरा बघाल का? मीठ मला कळत नाही," म्हणाली. वीस वर्षं हिला मीठ कळत होतं. पण आजी स्टुलावर चढून बसली, ती तिकीटखिडकीवरच्या बाईसारखी. तिथून सगळं स्वयंपाकघर, दार आणि गॅलरीसुद्धा तिच्या नजरेत येई. जमिनीवरून एवढा मुलूख दिसत नव्हता, हे तिने नंतर काकूंजवळ कबूल केलं. त्यानंतर आमच्या घरात फोडणी आजीची आणि नॉब आईचा, असं संयुक्त मंत्रिमंडळ आलं आणि ते बरीच वर्षं टिकलं. देशात आलेल्यांपैकी फार थोडी इतकी टिकली.

डोंबिवलीकरांचा नंबर १९८२ ला लागला. त्यांचं कार्ड आल्याचं पत्र आलं, आणि आजीने लग्नाच्या याद्या करायला सांगितलं. मुलगा वर्षभर थांबला होता, हे त्याच्या बाजूने धरलं पाहिजे.

चाळ आता नाही. त्या जागी उंच इमारत आहे आणि तिच्यात आमचा ब्लॉक आहे. त्यातली अर्धी खोली अजूनही शोधावी लागते. मध्यंतरी इमारतीत नळाचा गॅस आला. महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली निघाली, तिचे पिवळे पाइप मजल्यामजल्याने चढत आमच्या खिडकीपर्यंत पोहोचले. एक मुलगा जोडणी करायला आला. त्याने मीटर लावला, शेगडी उघडून बर्नरचे जेट बदलले. हा गॅस वेगळा, सिलिंडरचे जेट याला चालत नाहीत, म्हणाला. आई पंचाऐंशीची आहे. खुर्चीवर बसून सगळं बघत होती. हा संपणार कधी ते कळायचं कसं, हा तिचा पहिला प्रश्न. संपतच नाही म्हटल्यावर तिने कालनिर्णयकडे जरा नाराजीने पाहिलं. मग तो मुलगा वायुवीजनाचं सांगू लागला. वरची झडप बंद करू नका, कारण हा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर जातो.

"वर जातो?" आई सावरून बसली. "खाली नाही येत?"

"नाही आजी, वरच जातो."

"मग देव आता परत खाली ठेवले तर चालतील?"

मुलगा आपल्या फॉर्मकडे बघत राहिला.